दावा क्रमांक सात

अर्ज आला तेव्हा देजॉनमध्ये बर्फ नव्हता,
नुसतीच थंडी, कोरडी, ओठ फाडणारी.
शीर्षक: प्रतिमा-डिटेक्टर ठेवण्याची व चार्ज करण्याची पेटी.
अर्जदार: ताक ग्योंग-मो, एक्स-रे तंत्रज्ञ, उल्जिन.
कंपनी नाही. एकटा माणूस.

आकृती एक, पेटी, झाकण उघडं.
आकृती दोन, आत सहा तिरपे खण,
ताटाळ्यात ताटं लावावीत तशा त्यात काळ्या पाट्या.
खणाच्या तळाशी दोन पितळी जिभा,
पाटीचं बूड टेकलं की हिरवा दिवा.

माझं काम नाही म्हणायचं.
तसं कुठे लिहिलेलं नाही,
पण एकोणीस वर्षं शोधत बसलं की कळतं,
बहुतेक सगळं कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.
खणांची पेटी: ओसाकाचा एक कारखाना, शाळेतल्या टॅबलेटांसाठी.
तिरपा उतार: बशा निथळायची जाळी, जर्मन, १९७४,
चित्र इतकं देखणं की मी चहा गार होईतो बघत राहिले.
कुलूप. दिव्याचा रंग.
चाकं. चाकांबद्दल काय बोलायचं.

आमच्या कायद्यात एक माणूस राहतो.
त्याला नाव नाही, नुसतं 'त्या विषयातला जाणकार'.
छापलेलं सगळं त्यानं वाचलंय, सगळ्या भाषांतलं.
हे तुला सहज सुचलं असतं का, एवढंच मी त्याला रोज विचारते.
असतं, म्हणतो.
सुचलेलं मात्र त्याला आजवर काहीच नाही.

मग सात.
चार्जिंगची ऊब पंख्यानं बाहेर न घालवता
खणाच्या भिंतींत मुरवायची,
म्हणजे काढताना पाटी तीस अंशांवर असते.
कारण, परिच्छेद एकतीस, एकच वाक्य:
रुग्णाची गैरसोय कमी होते.

भेटीची वेळ मागून तो आला, बसनं,
काखेत पुठ्ठ्याचा नमुना, नायलॉनच्या दोरीनं बांधलेला.
मी म्हटलं, गैरसोय म्हणजे नेमकं काय ते सांगा.
तो दोरीची गाठ चाचपत म्हणाला,
वॉर्डात एक म्हातारी होती,
पन्नास वर्षं समुद्रात बुड्या मारून शिंपले काढलेली,
जानेवारीच्या पाण्यात उतरणारी बाई.
रात्री तिच्या पाठीखाली पाटी सरकवली, तर दचकली.
वर मलाच म्हणते, हलले रे बाळा,
तुझा फोटो बिघडवला मी.

हे नोंदीत घेता येत नाही.
मी लिहिलं: अर्जदाराने तांत्रिक परिणाम स्पष्ट केला.

झोप आली नाही, कारण मला वाडगा आठवला.
बाबा कोळशाच्या वखारीतून उशिरा येत.
आई त्यांच्या भाताचा झाकणाचा पितळी वाडगा
चुलीलगतच्या जमिनीवर गोधडीखाली सरकवी.
चुलीची आच जमिनीखालून जायची,
स्वयंपाक उरकलेला, ती आता कुणाच्याच कामाची नाही,
आणि वर कुणाची तरी वाट बघत एक वस्तू.
धावताना आमचा पाय लागला की ओरडायची.
शब्दन् शब्द दावा सात.

जाणकार अंधारात पुढे सरसावला. बघ, मला सुचलंच असतं.
वाचलंस कुठे? मी विचारलं.
त्या वाडग्यावर तारीख नाही.
तो कुठे छापलेला नाही, चारचौघांत दाखवलेला नाही,
आम्ही घरातलेच, आणि ते चौघेच.
आई जाऊन अकरा वर्षं झाली.
तिचा हवाला देता येत नाही.

एक ते सहा: नामंजूर.
सात: हरकत आढळली नाही.
तोच पहिला करून पुन्हा सादर करावा.

केलाय त्यानं. काल आला.
आकृती दोनमध्ये खण पाचच काढलेत, मजकुरात सहा आहेत.
सोमवारी कळवायला हवं.